बेपत्ता माणसाचा रिफंड

त्या बाईंनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. उभी हयात पोलीस खात्यात गेली. दरोडे पाहिले, खून पाहिले. पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी हाताळलेलं हे प्रकरण मला सगळ्यांत जास्त आठवतं. त्यात शस्त्र नव्हतं की रक्त नव्हतं. होता तो आयकराचा एक अडकलेला रिफंड.

यातली माणसं आजही त्याच गावात राहतात, म्हणून नावं लिहीत नाही.

मी तेव्हा कोरेगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. चार्ज घेऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळची हजेरी आटोपली होती आणि मी प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो. ठाणे अंमलदार आत येऊन हळूच म्हणाले, "साहेब, ती मिसिंगवाली आलीय." त्यांनी 'ती' हा शब्द ज्या सुरात उच्चारला, त्यावरून ठाण्याने या बाईंबद्दल मत बनवून टाकलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं.

फाईल मी वाचलेली होती. बाईंचा नवरा कोल्ड स्टोरेजच्या यंत्रांचा मेकॅनिक. सातारा आणि महाबळेश्वर भागातल्या शीतगृहांची कामं करायचा. दोन-अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी कामावर जातो म्हणून मोटारसायकलवरून निघाला, तो परत आलाच नाही. मोटारसायकल साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळ मिळाली. मोबाईल बंद. मिसिंगची तक्रार त्याच्या थोरल्या भावाने दिली होती आणि पुरवणी जबाबात स्पष्ट म्हटलं होतं, की भावजय आणि तिचा भाऊ यांनीच माझ्या भावाचं बरंवाईट केलं असावं. कारण काय, तर भावजय शेताची वाटणी मागत होती आणि त्यावरून घरात भांडणं होती.

वाटणी मागणं हा गुन्हा नाही. पण गावात तेवढं पुरतं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी तक्रारीप्रमाणे तपास केला. पंचांसमक्ष गोठ्यामागची जमीन उकरली, विहिरीचा उपसा केला. काही मिळालं नाही. बाईंचा भाऊ महाबळेश्वरात टॅक्सी चालवायचा. त्याला ऐन हंगामात चौकशीला बोलावलं जाई. शेवटी हॉटेलवाल्यांनी त्याची गाडी लावणंच बंद केलं.

बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेर. मी बसायला सांगितलं, तरी बसायला त्यांनी वेळ घेतला. या खोलीत त्यांना कुणी बस म्हटलं नसावं.

"काय झालं ताई?"

"साहेब, ह्यांचा जुना मोबाईल घरात असतो. फोटो हायती त्यात, म्हणून चालू ठेवते. काल जागा भरली म्हणून मेल पुसाय बसले, तर ह्ये निघालं." त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. "ह्यात ह्यांचं नाव हाय. ज्या सालाचं लिवलंय त्या साली ह्ये घरी नव्हतं. मग ह्यांचा ट्याक्स कुणी भरला?"

मी मेल वाचला. आयकराचा परतावा तुमच्या बँक खात्यात जमा होऊ शकला नाही, असा मजकूर होता. नाव मेकॅनिकचंच. पॅनचे मधले आकडे झाकलेले. आमच्या सायबरचं काम पाहणाऱ्या महिला कॉन्स्टेबलला मी आत बोलावलं. तिने खाली-खाली सरकवत त्याच पत्त्यावरून आलेले आणखी तीन मेल काढले. पहिला, रिटर्न दाखल झाल्याचा. दुसरा, ते व्हेरिफाय झाल्याचा. तिसरा, प्रोसेस होऊन रिफंड निघाल्याचा. चौथा हा, रिफंड फेल झाल्याचा. बेपत्ता माणसाच्या नावावर कुणीतरी महिनोन् महिने एकेक पायरी चढत होतं.

मी बाईंना सरळ विचारलं, "हे तुमच्यावर उलटू शकतं, हे कळतंय ना तुम्हाला?"

"व्हय, कळतंय की. भावकी म्हणंल मीच भरलाय, न्हाईतर माझ्या भावानं. म्हणू द्या." त्यांचा आवाज हलला नाही. "साहेब, मला हळदीकुंकवाला कोण बोलवत न्हाई, आन ह्यांच्या तेराव्याचं जेवण बी कुणी घातलं न्हाई. अशी मधीच लटकून किती दीस राहू? जे असंल ते निघू द्या."

स्वतःविरुद्ध जाऊ शकणारा पुरावा माणूस आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात घेऊन येतो, तेव्हा तपास अधिकाऱ्याने क्षणभर थांबून विचार करावा. मी केला. मोबाईलचा पंचनामा करून घेतला, स्टेशन डायरीला नोंद घातली आणि त्याच दिवशी साताऱ्याला निघालो.

साताऱ्यात माझ्या ओळखीचे एक सीए होते. माझा स्वतःचा फॉर्म सोळा आणि रिटर्न तेच बघायचे, पण रिफंडच्या या पायऱ्या मी कधी नीट समजून घेतल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चारही मेलच्या प्रती वाचल्या.

"पहिलं, रिटर्न नुसतं दाखल होऊन भागत नाही," ते म्हणाले. "व्हेरिफाय झालं नाही, म्हणजे हे रिटर्न माझंच अशी खात्री दिली नाही, तर ते नसल्यात जमा. कितीतरी लोक रिफंड येत नाही म्हणून ओरडत येतात आणि बघावं तर व्हेरिफायच केलेलं नसतं. इथे ते झालंय. बहुतेक जण ते आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून करतात. दुसरेही मार्ग आहेत."

"म्हणजे हा माणूस जिवंत आहे?"

"असं मी शपथेवर सांगणार नाही. कागदपत्रं हाताशी असली तर दुसरा माणूसही खटपट करू शकतो. पुढचं ऐका. प्रोसेस झालं म्हणजे खात्याने हिशेब मान्य केला. त्याचा टीडीएस कुठेतरी कापला गेलाय आणि तो परत मिळायला हवा, हेही मान्य केलं. पैसे पाठवले. पण रिटर्नमध्ये जुनं खातं राहून गेलेलं दिसतं."

ते खातं कोरेगावातल्या बँकेचं होतं. त्या बँकेचं मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं आणि शाखेचा कोड बदलला होता. पैसे परत फिरले होते.

"मग आता?"

"आता ज्याला पैसे हवेत त्याला पुन्हा यावं लागेल," सीए म्हणाले. "चालू खातं जोडायचं, बँकेकडून ते व्हॅलिडेट, म्हणजे पडताळून घ्यायचं, मग रिफंड पुन्हा पाठवा म्हणून विनंती टाकायची. त्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आणि खातं व्हॅलिडेट झालं, की त्याचा मेल येतो. याच पत्त्यावर. त्याने मोबाईल नंबर बदललेला दिसतो, पण मेलचा पत्ता बदलायचं राहिलंय."

मी खुर्चीतून उठलो. इतकी वर्षं मी संशयिताच्या घरावर, दुकानावर, माहेरावर पाळत ठेवली होती. एका मेलच्या पत्त्यावर पाळत ठेवायची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या बाजूने आयकर खात्याकडेही पत्र पाठवलं. करदात्याची माहिती गोपनीय असते. ती मागायची रीत आणि मागणारा अधिकारी ठरलेला असतो. माझं पत्र त्या रीतीत बसत नव्हतं, तसं त्यांनी कळवलं. ते बरोबरच होतं. मी वरिष्ठांमार्फत योग्य त्या नमुन्यात मागणी पाठवली आणि वाट बघायला लागलो. बाईंना एवढंच सांगितलं, की रोज सकाळ-संध्याकाळ तो मोबाईल बघायचा, कशालाही हात लावायचा नाही, आणि या मेलबद्दल घरात, माहेरी, कुणाजवळही बोलायचं नाही.

"माझ्या भावाजवळ बी न्हाई?"

"भावाजवळसुद्धा नाही."

त्यांनी मान हलवली आणि शब्द पाळला. गावाचा सख्ख्या भावावर संशय असताना त्याच्यापासून ही गोष्ट लपवणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार मी नंतर केला.

याच काळात मेकॅनिकचा थोरला भाऊ गावातली दहा-पंधरा माणसं घेऊन ठाण्यात आला. पांढरा सदरा, खिशाला पेन, बोलणं नेमकं. पंचायतीत ऊठबस असलेला माणूस. त्याने पोलीस अधीक्षकांकडे अर्ज दिलेला होता आणि त्याची प्रत माझ्या टेबलावर आपटली.

"साहेब, मिसिंगचा मर्डर कवा करणार? अडीच वर्सं झाली. पंधरा दिवसांत गुन्हा दाखल न्हाई झाला तर आमी साताऱ्याला उपोषणाला बसतोय. लेखी दिलंय."

"पुरावा काय आहे?"

"आवं पुरावा तुमी शोधायचा. ती बाई अजून घरात ठाण मांडून बसलीय. तिला आधी बाहेर काढा, आपोआप बोलंल."

मी चहा मागवला. त्याला बोलू दिलं. तो पाऊण तास बोलला. भावजयीचा स्वभाव, तिच्या भावाची संगत, वाटणीची भांडणं, आमच्या खात्याचा ढिलेपणा. तो गेल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो आणि मला काय खटकतंय ते शोधत राहिलो. हरवलेल्या माणसाचे नातेवाईक ठाण्याची पायरी चढतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'काय कळलं का?' शिव्या देत आले तरी आधी तोच प्रश्न येतो. बाई प्रत्येक वेळी तोच विचारायच्या. थोरल्या भावाने तो एकदाही विचारला नाही. फाईल पुन्हा उघडून त्याचे सगळे जबाब आणि अर्ज वाचले. सगळीकडे मागणी एकच, गुन्हा दाखल करा. शोध घ्या, असं कुठेही नव्हतं.

याला पुरावा म्हणत नाहीत. न्यायालयात असं काही सांगितलं तर न्यायाधीश हसतील. पण मी ठरवलं, की या प्रकरणात कागद हलल्याशिवाय मी कुणालाही अटक करणार नाही, उपोषण होवो की बदली होवो. उपविभागीय अधिकाऱ्यांचा फोन आला. "काहीतरी निर्णय घ्या, वरून विचारणा होतेय." मी म्हटलं, "सर, थोडा अवधी द्या. चुकीच्या माणसाला आत घालून नंतर माफी मागण्यापेक्षा मी आत्ता बोलणी खाईन." त्यांनी अवधी दिला.

उपोषणाचा दिवस जवळ येत होता. मेल येत नव्हता. आमच्या कॉन्स्टेबलने एकदा विचारलंच, "सर, त्याने रिफंडचा नाद सोडला असेल तर?" शक्य होतं.

मेल आला तो एका बाजारच्या दिवशी, दुपारी. मी रस्त्यावर वाहतुकीचा खोळंबा सोडवत उभा होतो. बाईंचा फोन.

"साहेब, आलाय. खातं जुळलं म्हणतोय. बँक सांगलीची हाय."

मी तिथूनच ठाण्यात परतलो. मेलमध्ये बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे होते. रीतसर नोटीस तयार करून बँकेच्या सांगली शाखेला पाठवली. दोन दिवसांत खातं उघडतानाचा अर्ज, फोटो, सही आणि मोबाईल नंबर आला. फोटोतल्या माणसाला दाढी होती, गाल बसलेले होते. मी बाईंना बोलावून तो फोटो दाखवला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाढी कवा ठेवली ह्यांनी?" आणि पदर तोंडाला लावला. मी आणि कॉन्स्टेबल बाहेर जाऊन उभे राहिलो.

थोड्या वेळाने त्या स्वतःच बाहेर आल्या. "साहेब, आता जावा. हुडकून आणा. पर त्यांना मारू नगा. काय झालंय ते आधी इचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी, एक हवालदार आणि ती कॉन्स्टेबल, साध्या वेषात सांगलीला निघालो. तिथल्या स्थानिक ठाण्यात नोंद केली, त्यांचा एक माणूस सोबत घेतला. दिलेला पत्ता मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूचा एका खोलीचा होता. हळदीच्या धुरळ्याने पिवळ्या पडलेल्या त्या गल्लीत घरमालकाने सांगितलं, "मिस्त्री व्हय? ते कामावर हायती. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला. लय सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई."

शहराबाहेरच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या मशीन रूममध्ये कॉम्प्रेसर धडधडत होते. तो गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह आवळत होता. आम्हाला पाहिलं, आमच्या बुटांकडे पाहिलं, आणि पाना खाली ठेवला. कुणी काही बोलायच्या आत त्याने दोन्ही हात पुढे केले.

"चला साहेब. मी तयार हाय."

मी त्याचे हात खाली केले. "कशाला तयार?"

"त्या कामगाराच्या केसला. माझ्या हातनं मेला तो."

आता पुढचं सगळं मी स्थानिक ठाण्यात बसून शांतपणे विचारलं. पाणी दिलं. हवालदाराला बाहेर बसवलं. चौकशीत आवाज चढवून जे मिळतं त्याच्या दुप्पट गप्प बसून मिळतं, हा माझा अनुभव आहे.

घडलं होतं ते असं. तो बेपत्ता झाला त्या दिवशी महाबळेश्वरकडच्या एका स्ट्रॉबेरीच्या शीतगृहात त्याने दुरुस्त केलेल्या व्हॉल्व्हमधून अमोनिया वायू सुटला. एक कामगार श्वास कोंडून कोसळला. लोक त्याला गाडीत घालून घेऊन गेले. मेकॅनिक घाबरला, घाट उतरून साताऱ्यात आला आणि त्याने थोरल्या भावाला फोन केला. भाऊ स्टँडवर आला. "तू हितं थांबू नको, मी बघून घेतो," म्हणाला आणि त्याला सांगलीच्या एसटीत बसवून दिलं.

"मग?"

"तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. कामगार मेला म्हणाला. माझ्या नावानं वॉरंट निघालंय, मोबाईल फेकून दे म्हणाला. तवापासनं हितंच हाय."

मी त्याला थांबवलं आणि महाबळेश्वर भागातल्या ठाण्याच्या प्रभारींना फोन लावला. नोंदी बघून त्यांनी थोड्याच वेळात उलट फोन केला. असा कोणताही मृत्यू नोंद नव्हता. गुन्हा नव्हता, वॉरंट नव्हतं. शीतगृहाच्या मालकाला विचारलं, तेव्हा कळलं की तो कामगार आठवडाभर दवाखान्यात होता, बरा झाला आणि अजून तिथेच कामाला आहे. मालकाने बोभाटा नको म्हणून तेव्हा कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी त्या कामगारालाच फोनवर घेतलं आणि फोन मेकॅनिकच्या हातात दिला.

"कोण, मिस्त्री व्हय?" पलीकडून मोठ्याने आवाज आला. "आवं हाय कुठं तुमी? आमची मशीन तुमच्यामागं धड चालंना गड्या!"

मेकॅनिकने फोन कानाला लावून ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

नंतर मी विचारलं, "थोरला भाऊ भेटायचा का?"

"व्हय की. हळद घालाय सांगलीला येतो तवा भेटतो. डबा आणतो. केस चालू हाय म्हणतो. वकीलपत्रावर सह्या बी घेतल्यात त्यानं माझ्या."

"वकीलपत्र वाचलं होतं?"

तो म्हणाला, "साहेब, दादा हाय माझा. दादाचं काय वाचायचं?"

"आणि बायको?"

त्याचा चेहरा बंद झाला. "तिनं माझ्याच इरुद्ध जबाब दिलाय. दादानं सांगितलं. तिला फोन केला तर पोलीस पकडतील म्हणाला."

मी त्याला फाईलमधले कागद दाखवले. भावाचा जबाब. खुनाच्या गुन्ह्याची मागणी करणारे अर्ज. गोठ्यामागच्या खोदकामाचा पंचनामा. तुझ्या खुनाचा संशय तुझ्या बायकोवर आहे, हे त्याला माझ्या तोंडून कळलं. त्याने भावाची सही बोटाने चाचपून पाहिली. पुन्हा पाहिली. मग खुर्चीवरून उठून जमिनीवर बसला.

"माझा दादा?" एवढंच तो म्हणत राहिला.

निघताना मी त्याला एक प्रश्न विचारला, जो मला पहिल्या दिवसापासून छळत होता. "पोलिसांपासून लपलेला माणूस स्वतःच्या पॅनवर रिटर्न कसा भरतो?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "साहेब, कोल्ड स्टोरेजवाल्यांनी टीडीएस कापला. हिशेबनीस म्हणाला, रिटर्न भरा, परत मिळंल. आन गावाकडं बी मी दरसाल भरत व्हतो की. माझ्या हातनं चूक झाली व्हती, पर मी काय चोर हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाला ठाण्यात बोलावलं. उपोषणाला दोन दिवस उरले होते, त्यामुळे तो खुशीत आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "झाला का गुन्हा दाखल?"

मी कॉन्स्टेबलला खूण केली. तिने बाजूच्या खोलीचं दार उघडलं.

धाकट्या भावाला पाहून त्याने आश्चर्यसुद्धा दाखवलं नाही. अडीच वर्षांनी मेलेला भाऊ समोर आला तर माणूस किंचाळेल, मिठी मारेल, कोसळेल. हा नुसता दाराकडे बघून म्हणाला, "तुला मी सांगितलं व्हतं ना, हलू नको म्हणून." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

ज्याला धाकटा वकीलपत्र म्हणत होता ते कुलमुखत्यारपत्र होतं, म्हणजे त्याच्या जमिनीचे व्यवहार थोरल्याने करावेत असं लिहून देणारा कागद. धाकट्याच्या वाटणीची जमीन थोरल्याच्या हाती जाण्याची तयारी पुरी झाली होती. आड येत होती ती भावजय. ती तुरुंगात गेली असती किंवा गाव सोडून गेली असती, तर काम फत्ते होतं. पोलिसांना खोटी माहिती देऊन निरपराध माणसांमागे लावल्याबद्दल आणि फसवणुकीबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. तो विषय न्यायालयाच्या अखत्यारीतला आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

बाई आल्या तेव्हा मेकॅनिक माझ्या खोलीत उभा होता. दोघांच्या मध्ये माझं टेबल. तो मान खाली घालून रडत होता. बाई रडल्या नाहीत.

"तुमी जिवंत हाय, ह्ये मला इन्कम ट्याक्सनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाई."

"दादा म्हणाला..."

"दादा म्हणाला. मला एक डाव इचारायचं हुतं तुमी. एकच डाव."

बाई माझ्याकडे वळल्या. "साहेब, मला कागद पायजे. माझ्यावर आन माझ्या भावावर संशय न्हाई, असं लिहून. आन तो कागद मी घरात ठेवून उपयोग न्हाई. विहिरीला मोटार लावून तुमी उपसा केला तवा अख्खा गाव काठावर व्हता."

त्यांची मागणी कोणत्याही नियमावलीत बसत नव्हती, पण चुकीचीही नव्हती. मी मिसिंग प्रकरण निकाली काढल्याचा अहवाल केला, तपासात दोघांविरुद्ध काहीही आढळलं नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं आणि पुढच्या ग्रामसभेला स्वतः गणवेशात गेलो. सरपंचांची परवानगी घेऊन उभा राहिलो आणि तो मजकूर सावकाश वाचला. नंतर माझ्या शब्दांत सांगितलं, की या बाईंनी आणून दिलेल्या माहितीवरूनच माणूस सापडला. त्यांनी तो मोबाईल दाबून ठेवला असता, तर अजून आम्ही विहिरीच उपसत बसलो असतो.

बाई बायकांच्या बाजूला एका टोकाला एकट्या बसल्या होत्या, शेजारी हातभर जागा रिकामी होती. टॅक्सीवाला भाऊ दाराशी उभा होता. सभा पुढच्या विषयावर गेली, नळपट्टीवर. तेव्हा पलीकडची एक म्हातारी उठली, कमरेवर हात ठेवून हळूहळू चालत आली आणि त्या रिकाम्या जागेत बसली. मग आणखी एक बाई सरकली.

मेकॅनिकला बाईंनी लगेच घरात घेतलं नाही. तो काही महिने कोरेगावात खोली करून राहिला. पुढे घरी गेला असं ऐकलं. त्यांचा संसार कसा जुळला, किती जुळला, ही चौकशी माझ्या कक्षेतली नव्हती. रिफंड मात्र त्याच्या सांगलीच्या खात्यात जमा झाला.

तरुण अधिकाऱ्यांना शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. गुन्हेगार आपल्या चुकीमुळे सापडतो, असं आम्हाला शिकवलं होतं आणि ते खरं आहे. पण हा माणूस त्याच्या प्रामाणिकपणामुळे सापडला. सरळ माणूस घाबरून लपला तरी सरळच वागतो. वेळेवर भाडं देतो, रिटर्न भरतो, आजारी पडला तर स्वतःच्याच नावाने केसपेपर काढतो. बेपत्ता माणूस शोधताना त्याची व्यसनं आणि भांडणं सगळेच तपासतात. त्याच्या चांगल्या सवयीही तपासा, असं मी त्यांना सांगतो. आणि दुसरं सांगतो. संशय आपण चार माणसांत घेतो, गाडी दारात लावून, पंच बोलावून, कुदळी चालवून. संशय फिटला की मात्र फाईल गुपचूप बांधून कपाटात टाकतो. तसं करू नका. ज्या दारात गाडी लावली होती, त्याच दारात पुन्हा गाडी लावा, गणवेशात उतरा आणि मोठ्याने सांगा.